घरचा फोन उचला, रील खाली ठेवा

मुलांनो आणि मुलींनो, दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, कुठल्याही रस्त्यावर उभे राहा, संसार भरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जाताना दिसतील. पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, शेळी आणि सगळ्यात वर बसलेली लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी कर्नाटकात. मग मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप, नाहीतर घरात दोन म्हातारी माणसं. आणि त्याच घरातला एक मुलगा बीडला, अंबाजोगाईला किंवा माजलगावला कॉट बेसिसच्या खोलीत राहून बी.ए., बी.एस्सी. करत असतो. दिवसभराची तोडणी आणि गाडीची भरणी उरकून आई कोपीत येते, भाकरी थापते आणि मग फोन लावते. "जेवलास का?" बहुतेक वेळा एवढंच विचारते.

हे आधीच सांगतो, कारण फोन फेकून द्या म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतात. पाच महिने ज्या घराला एकमेकांचा आवाज ऐकायला दुसरा मार्ग नाही, त्या घरातल्या मुलाला फोन टाकायला सांगणं मला क्रूर वाटतं. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, परीक्षेचं वेळापत्रक, बँकेचा ओटीपी, भरतीची जाहिरात, सगळं त्याच फोनवर येतं. म्हणून फोन ठेवा. त्याच्या आत जे न थांबणारं रहाटगाडगं बसवलेलं आहे, त्यातून उतरा. आणि उतरताना सगळा भार एकट्याच्या निश्चयावर टाकू नका. एकट्याचा निश्चय रात्री अकरानंतर टिकत नाही. जागा ठरली, वेळ ठरली आणि सोबत मिळाली, तर तोच निश्चय टिकतो. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

मी बरीच वर्षं पदवीच्या मुलांना शिकवतो. एकदा वर्गात सगळ्यांना सेटिंगमधलं 'डिजिटल वेलबीइंग' उघडायला लावलं. रोजच्या वापराचा आकडा मोठ्यानं सांगायचा नाही, आपल्या वहीत लिहायचा. मग फळ्यावर हिशेब केला. रोजचे चार तास धरले तर वर्षाचे 1,460 तास होतात. म्हणजे साठ दिवस आणि साठ रात्री, डोळ्याला डोळा न लावता. इथपर्यंत ठीक होतं. त्यापुढे मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी कोयत्याचा हिशेब मांडला. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांवर गेला. तुमचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज साडेतीनशेच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या एका रिचार्जपायी आई-वडिलांना जवळपास टनभर ऊस तोडावा, साळावा, मोळ्या बांधाव्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत चढवावा लागतो. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, मुद्दा पोचला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा त्यानंतर आठवडाभर वर्गात आला नाही. त्याचे आई-वडील तेव्हा कारखान्यावर होते. भेटला तेव्हा खाली बघत म्हणाला, "सर, त्या रात्री मी पहाटे तीनपर्यंत रील बघत बसलो. डोक्यात तो टनाचा हिशेब फिरत होता. तो थांबावा म्हणून बघत बसलो."

त्या दिवसापासून मी तो हिशेब कुणाला लाजवायला वापरलेला नाही. माणूस लाजेपासून पळून जिथे विसावा शोधतो, ती जागाच हा फोन असेल, तर लाजवलं की तो पुन्हा तिथेच जाणार. दारूच्या बाबतीत हे आपल्या गावांनी घरोघरी पाहिलेलं आहे. आज इथे हिशेब पुन्हा लिहिला तो दुसऱ्या कारणासाठी. जे आपण वाया घालवतो ते किती मोलाचं आहे, हे त्यातून कळतं. तुमचे ते साठ दिवस मला हवे आहेत, तुमची मान खाली गेलेली नको आहे.

आता हे रहाटगाडगं कसं चालतं ते समजून घ्या, कारण ते समजलं की स्वतःला नालायक म्हणणं थांबतं. पूर्वी प्रत्येक गोष्टीला शेवट होता. पेपर शेवटच्या पानावर संपायचा, पिक्चर संपला की थिएटरातले दिवे लागायचे, कीर्तनात आरती झाली की माणसं उठायची. फोनचा पडदा वर सरकवत राहिलं की खाली नवं येतच राहतं, ही रचना अझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञानं 2006 मध्ये तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्तापही व्यक्त केला. 2009 मध्ये फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं. आणि यामागचा मानसशास्त्राचा नियम त्याहून कितीतरी जुना आहे. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की, दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी ठरावीक टोचे मारतो आणि थांबतो. दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं केलं तर तो टोचतच राहतो. दहा रील टुकार निघतात, अकरावं मनाजोगं निघतं. त्या अकराव्यासाठी बोट चालत राहतं. समोर हजारो हुशार माणसं पगार घेऊन बसलेली आहेत, तुम्ही पडद्यावर किती वेळ राहिलात यावर त्यांची कमाई ठरते. आणि इकडे उसाच्या घरातलं एकोणीस वर्षांचं पोर एकटं, थकलेलं, अंथरुणात पडलेलं. ही झुंज बरोबरीची नाही.

शिवाय आपल्याकडे हे सगळं फार थोड्या वर्षांत आलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं आणि नेट स्वस्त झालं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि आज पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं, जी तेव्हा सातवी-आठवीत होती, त्यांच्या हातात शाळेच्याच नावानं फोन आला. जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपण मोठ्यांनीच हे दिलं आणि आता तो वीस वर्षांचा झाल्यावर विचारतो, तुझा मनावर ताबा का नाही?

ताबा काहींना जन्मतः असतो आणि काहींना नसतो, असं पुष्कळांना वाटतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांवर केलेला एक प्रयोग त्यासाठी नेहमी सांगितला जातो. समोरची गोड वडी लगेच खाल्ली तर एक, थोडा वेळ थांबलं तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली, असं सांगत. 2018 मध्ये कितीतरी जास्त मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा दिसलं की घरची परिस्थिती लक्षात घेतली तर त्या थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच क्षीण होतो. ज्या घरात उद्याची खात्री नाही, तिथलं मूल आजची वडी आज खातं. यात मला मुलाचा दोष दिसत नाही.

मग ताबा येतो कुठून? लांब जायला नको. 14 एप्रिलच्या सुमाराला आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत, विहारांत बाबासाहेबांच्या अभ्यासाची आठवण म्हणून सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो. मी तिथे बसलेलो आहे. वर्गात वीस मिनिटं धड न बसणारी मुलं तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. मधे जेवतात, पाय मोकळे करतात, परत येऊन बसतात. तीच मुलं, तेच मन. मग त्या दिवशी वेगळं काय असतं? जागा ठरलेली असते. वेळ ठरलेली असते. फोन बंद करून पिशवीत गेलेला असतो. शेजारचा वाचत असतो, म्हणून आपणही वाचतो. वर एक फोटो असतो, ज्याच्यासमोर आळस करणं मनाला पटत नाही. वर्षातून एक दिवस जे जमतं, ते रोज दोन तास का जमू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

दुसरं उदाहरण माळेचं. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड यांच्या पंचक्रोशीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. माणूस माळ घालतो तेव्हा तो मनातल्या मनात ठरवून थांबत नाही. चारचौघांसमोर घालतो. त्यानंतर लग्नात कुणी त्याला मटणाच्या पंगतीला ओढत नाही, "तो माळकरी आहे" म्हणून वाढपी आपणहून पुढे सरकतो. त्याचा संयम त्याच्या एकट्याचा राहत नाही, गाव तो सांभाळायला मदत करतं. एकादशीला घरात साबुदाणाच भिजत घातलेला असतो, म्हणून उपास घडतो. आपल्या लोकांना संयमाची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फोनच्या बाबतीत ती अजून बसवलेली नाही, इतकंच.

एका गावानं ती बसवली. आपल्या टोळ्या ज्या सांगलीच्या पट्ट्यात ऊस तोडायला जातात, त्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनानंतर मुलं फोन सोडत नाहीत हे पाहून 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या गावानं ठरवलं. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, साडेआठला पुन्हा वाजतो. मधल्या दीड तासात घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. सुरुवातीला माणसं घरोघरी फिरून आठवण करून देत. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली आणि मोडली तर दंड ठेवला. दोन्ही गावांची तळमळ खरी. पण मला वडगावची वाट जास्त पटते, कारण तिथे बापाचाही फोन खाली राहतो.

आता तुमच्या खोलीपुरतं बोलू. चार जणांची खोली, चार पत्र्याच्या पेट्या. त्यातली एक रात्रीची फोनची पेटी करा. आठ ते दहा अभ्यासाची वेळ ठरवा, साडेदहानंतर चारही फोन त्याच पेटीत, आणि किल्ली अशा एकाकडे जो तुमच्या रडगाण्याला भुलत नाही. गजरासाठी घड्याळ आणा, दीड-दोनशेत मिळतं. फोन उशाशी असण्याचं निम्मं कारण गजर हेच असतं. तुम्ही म्हणाल, आणि आईचा फोन आला तर? त्याचीही सोय आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात घरच्या चार नंबरांना मोकळीक द्या. बाकी सगळं मुकं राहील, आईचा फोन तेवढा वाजेल. ही एवढी एक गोष्ट आज रात्री केलीत तरी या लेखाचं काम झालं असं मी समजेन.

यूट्यूब तुम्हाला लागतं, मला माहीत आहे. पुण्याच्या क्लासची फी परवडत नाही, म्हणून इतिहास आणि अंकगणित तिथेच शिकता. पण शिकायला उघडता आणि दुसऱ्याच गल्लीत शिरता. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्याची नोंद, म्हणजे 'वॉच हिस्ट्री', बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग पहिल्या पानावर शिफारशींची रांग लागत नाही, पान कोरं राहतं. जे शोधायचं ते टाइप करायचं, बघायचं, बाहेर पडायचं. इन्स्टाग्राम सोडवत नसेल तर ॲप काढून टाका आणि लागेल तेव्हा ब्राउझरमधून लॉगिन करा, काम झालं की लॉगआउट करा. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येईल. तो कंटाळा तुमच्या कामाचा आहे, बोट आपोआप जायचं थांबतं. घरचे आणि कॉलेजचे सोडून बाकी सगळ्यांच्या नोटिफिकेशन बंद करा. वाचायला बसाल तेव्हा फोन पालथा घालून टेबलावर ठेवू नका, नजरेआड ठेवा. समोर नुसता दिसत असला तरी मनाचा एक कोपरा तिकडेच राहतो.

पहिले चार-पाच दिवस जड जातील. हात खिशाकडे जाईल, काहीतरी हरवल्यासारखं वाटेल, चिडचिड होईल. असं वाटणं म्हणजे तुम्हाला जमत नाही असं नव्हे. ती ओढ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. तिच्याशी वाद घालत बसू नका, उठा, तोंड धुवा, अंगणात दोन चकरा मारा. दहा-पंधरा मिनिटांत ती ढिली पडते. आणि मोडलं तर मोडलं. एका रात्री पेटी उघडून दोन तास बघितलं, म्हणून सगळं संपलं असं समजू नका. दुसऱ्या रात्री पेटी लावायचीच.

सुटलेला वेळ मात्र रिकामा ठेवू नका. रिकाम्या वेळात माणूस जुन्या जागी परत जातो. तुमच्यातली कितीतरी मुलं-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात, त्यांच्यात मिसळा. धावताना हातात फोन नसतो आणि दमलेल्या शरीराला रात्री झोप लागते. अंबाजोगाईत शिकत असाल तर एखाद्या संध्याकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे चालत जा, बीडमध्ये असाल तर खजाना विहीर बघून या. आपल्याच गावात राहून तिथे कधी न गेलेली मुलं मला दर वर्षी भेटतात.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बीडच्या मुलांशी बोलताना ती टाळता येणार नाही. हातात पिस्तूल घेऊन काढलेल्या व्हिडिओंनी आपल्या जिल्ह्याची राज्यभर बदनामी झाली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतर एखाद्या जातीय पोस्टवरून बाजारपेठा बंद राहिल्या, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. राग आणणारी गोष्ट माणूस जास्त वेळ बघतो, म्हणून ती तुमच्यापुढे पुन्हा पुन्हा येते. तुम्ही एका जातीविरुद्धचं एक रील शेवटपर्यंत पाहिलंत की पुढची दहा तशीच येतात आणि तुम्हाला वाटतं, सगळं जग असंच बोलतंय. तुमच्या डब्यात भाजी वाढून घेणारा खोलीतला मित्र त्याच जातीचा असतो, हे आठवा. आणि शेअर करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा की सरकारी नोकरीला चारित्र्य पडताळणी असते. एका पोस्टवरून दाखल झालेला गुन्हा चार वर्षांच्या धावण्यावर पाणी फिरवू शकतो.

आता आई-वडिलांना हात जोडून एक विनंती. मुलगी फोनमध्ये असते, तिनं एक रील टाकलं, म्हणून तिचं कॉलेज बंद करू नका. बालविवाहांत आपला जिल्हा राज्यात वरच्या क्रमांकांवर आहे आणि फोन हे त्याचं नवं निमित्त होऊ लागलं आहे. मुलाचा फोन ही सवय ठरते आणि मुलीचा फोन हा कलंक ठरतो, हा अन्याय आहे. कुणी तिच्या फोटोंवरून त्रास देत असेल तर तिनं पहिल्यांदा तुम्हाला सांगावं, असं घर ठेवा. सायबर गुन्ह्यांची तक्रार नोंदवायला 1930 या क्रमांकावर मदत मिळते.

फोनवर फार वेळ असणारा प्रत्येक जण आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचं व्यसन आजारांच्या यादीत घेतलेलं आहे, सोशल मीडियाला अजून वेगळं नाव दिलेलं नाही. म्हणून पोराला उठसूट व्यसनी म्हणू नका. पण झोप उडाली असेल, परीक्षा सोडून दिल्या असतील, जेवणखाण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर हा पेटी-किल्लीचा उपाय पुरणार नाही. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. तिथे जाणं म्हणजे ठार वेडा ठरणं नव्हे. ताप आला की आपण जातोच ना, तसंच जायचं.

शेवटचं मागणं प्राध्यापकांकडे, ग्रामपंचायतींकडे, मंदिर, मशीद आणि विहार सांभाळणाऱ्यांकडे आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघतील आणि आपल्या जिल्ह्यातली हजारो मुलं-मुली पाच महिने आई-बापाविना राहतील. तेवढे पाच महिने गावात एक खोली उघडा. चटया, दोन दिवे, प्यायचं पाणी आणि दाराशी फोन ठेवायला एक पेटी. रात्री आठ ते दहा. मुलींना घरापर्यंत सोडायला दोन वडीलधारी माणसं. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. आणि मुलांनो, अशी खोली कुणी उघडली नाही तर वाट बघू नका, तुमच्याच खोलीत सुरू करा. आज आईचा फोन येईल तेव्हा तो पहिल्या घंटीला उचला, जेवलो म्हणून सांगा, तिलाही विचारा जेवलीस का. मग फोन पेटीत ठेवा.